भोंगा: युद्धकाळातल्या बालपणाच्या आठवणी (प्रकल्प नोंदी, कोल्हापूर, २०२५)

११ मे, रविवार

सुरुवात ठरवून झालेली नाही. ७ मे रोजी देशभर नागरी संरक्षणाची मॉक ड्रिल झाली आणि टीव्हीवर दिवसभर तेच चालू होतं. मंगळवार पेठेतल्या आमच्या शेजारच्या आजी (वय ८७) टीव्हीसमोर गवार निवडत बसल्या होत्या. मी विरजण मागायला गेले होते. बातम्यांत भोंगा वाजला, तशी आजींनी हातातली शेंग खाली ठेवली आणि आम्हाला मोजायला लागल्या. सून, नातू, मी, त्या स्वतः. "चार," म्हणाल्या. मग दाराकडे बघून, "तो कुठाय?" मुलगा कामावर होता. त्याला फोन लावून त्याचा आवाज ऐकवला, तेव्हा कुठे गवार पुन्हा हातात घेतली.

सुनेला वाटलं, वयामुळे भ्रम झाला असेल. मला तसं वाटलं नाही. भ्रम झालेलं माणूस इतकं व्यवस्थित मोजत नाही.

त्या रात्री झोप लागली नाही. ग्रंथालयात मी ३१ वर्षं पुस्तकांच्या नोंदी केल्या, आणि माझ्या भिंतीपलीकडच्या बाईंची एकही ओळ कुठे नोंदलेली नाही. आज भाच्याला आणि इतिहासात एम. ए. करणाऱ्या एका मुलीला घरी बोलावलं. ठरलं ते असं: युद्धकाळात जी मुलं होती, ती आज कोल्हापूर आणि आसपास आहेत, त्यांच्या आठवणी आवाजात साठवायच्या. दुसरं महायुद्ध आधी, कारण ती माणसं आता थोडी उरलीत. १९६५ आणि १९७१ मिळेल तसं.

१८ मे, रविवार

प्रश्नावली केली आणि निम्मी खोडली. "कोणत्या साली?" हा प्रश्न काढून टाकला. ऐंशी-नव्वदीच्या माणसाला साल विचारलं की तो गोंधळतो, आणि मग आपल्या समाधानासाठी काहीतरी साल देऊन टाकतो. त्यापेक्षा "तेव्हा पाळण्यात कोण होतं?", "तुम्ही कितवीत होता?", "चूल कुठे होती?" हे विचारायचं.

त्यासाठी खुणांचा तक्ता केला. राजाराम महाराज गेले: नोव्हेंबर १९४०. चले जाव: ऑगस्ट १९४२. भोकाचा पैसा चलनात आला: १९४३. गांधीजी गेले: जानेवारी १९४८. संस्थान विलीन झालं: १ मार्च १९४९. कोयनेचा भूकंप: ११ डिसेंबर १९६७, पहाटे. हा शेवटचा फार उपयोगी. १९६५ ची आठवण की १९७१ ची असा घोळ पडला की विचारायचं, "भूकंपाच्या आधी की नंतर?" कोल्हापुरात त्या वयाचं कुणीही याचं उत्तर चुकत नाही.

एका परिचितांनी विचारलं, कोल्हापुरावर कधी बॉम्ब पडला नाही, मग कसल्या आठवणी गोळा करता? खरंय, पडला नाही. म्हणूनच जिथे पडत होते तिथली माणसं इथे आली.

२५ मे, रविवार. ध्वनिफीत क्र. १, ७४ मिनिटे

शेजारच्या आजी. त्यांच्या उजवीकडे बसायचं, डाव्या कानानं ऐकू येत नाही. कान कधी गेला ते आजच कळलं.

वडील मुंबईत गोदीत हिशेबनीस. बिऱ्हाड मांडवीत, मशीद बंदरच्या बाजूला, चाळीत तिसऱ्या मजल्यावर. एप्रिल महिना, आईनं गच्चीवर कुरडया घातलेल्या. आजी सहा वर्षांच्या आणि त्यांची ताई दहाची, दोघींकडे कावळे हाकण्याचं काम. हातात वेताची छडी. दुपारी गोदीच्या अंगाला धूर दिसत होता, पण धूर काय, मुंबईत रोजचाच. ऊन उतरायला लागलं आणि (इथे आजी थांबल्या, दोन्ही तळहात कानांवर नेले, पुन्हा मांडीवर ठेवले) गच्ची उचलली गेली आणि परत जागेवर बसली. "आवाज मला आठवत नाही. आवाजाच्या आधीच कान गेला. मला दिसतं ते हे, की आभाळातून पेटलेला कापूस पडतोय. हळूहळू. सावरीची म्हातारी उडते तसा."

ताईनं त्यांना ओढत जिन्यात आणलं. अर्ध्या तासात दुसरा धडाका. तोवर आई धाकट्याला काखेत मारून खाली उतरली होती. आणि मग ती पुन्हा वर गेली, कुरडयांची चादर चार टोकांनी उचलून घेऊन आली.

"का गेली असेल?" मी विचारलं.

"अगं, वर्षाच्या होत्या त्या."

आठव्या-दहाव्या दिवशी आई तिन्ही मुलांना घेऊन कोल्हापूरला माहेरी निघाली. पुण्याला गाडी बदलायची, तिथून पुढे लहान रुळांची गाडी. ट्रंकेवर पत्र्याचा डबा, डब्यात त्या कुरडया. मामाच्या घरी वर्षभर तळल्या गेल्या. कितीही फुलल्या तरी धुराचा वास. मामी कधी काही बोलली नाही, असं आजींनी दोनदा सांगितलं.

आता मोजण्याचं. युद्ध सुरू झाल्यावर मुंबईत भोंग्याच्या तालमी व्हायच्या. इशाऱ्याचा भोंगा वर-खाली हेलकावे खातो, धोका टळल्याचा सरळ एका सुरात वाजतो. तालीम सुरू झाली की चाळीतले सगळे जिन्याखाली. सरळ भोंगा वाजला की आई मुलं मोजायची आणि मगच बाहेर सोडायची. म्हणजे पोरीच्या डोक्यात सरळ भोंग्याचा अर्थ एवढाच: आता मोजा.

आणि गोदीच्या दिवशी भोंगा वाजलाच नाही. हेलकाव्याचा नाही, सरळही नाही. हवाई हल्ला नव्हताच, मग वाजेल कसा?

कोल्हापुरात मामाच्या घरी पहिली सकाळ. शाहू मिलचा भोंगा झाला. सरळ, एका सुरात. सहा वर्षांची पोर अंथरुणात उठून बसली आणि मोजायला लागली: आई, ताई, बाळ, मी. चार. बाबा नाहीत. पोरीनं घर डोक्यावर घेतलं. मामा सांगून थकला की हा मिलचा भोंगा, पाळीवर या म्हणतो, याचा लढाईशी संबंध नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पाळीचा भोंगा रोजचा, आणि पोर रोज मोजायची. मामाचं घर मिलपासून इतकं जवळ की कौलं थरथरायची.

रेकॉर्डर बंद केल्यावर आजी म्हणाल्या, "जपाननं टाकला होता तो बॉम्ब."

१ जून, रविवार

शेवटच्या त्या वाक्यावरून आमच्या तिघांत बराच वेळ चर्चा. घडलं ते नोंदलेलं आहे: १४ एप्रिल १९४४, शुक्रवार. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' हे जहाज. पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा आणि त्याच जहाजात कापसाच्या गाठी. सोन्याच्या विटाही होत्या. दुपारी आग लक्षात आली, ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट, अर्ध्या तासानं दुसरा. शेकडो माणसं गेली. आग विझवताना अग्निशमन दलाचे ६६ जवान मेले. १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन त्यांच्यासाठीच पाळतात. शिमल्याच्या भूकंपमापकावर हादरा नोंदला गेला. जपानचा संबंध नाही.

विद्यार्थिनीचं म्हणणं, मग नोंदीत तशी दुरुस्ती करायची. मी नको म्हटलं. सेन्सॉरमुळे ही बातमी हिंदुस्थानातून बाहेर पाठवायला मे महिना उजाडावा लागला. मधल्या काळात जिन्याखालच्या माणसांनी काय समजायचं? दोन वर्षं ज्या विमानांची तालीम केली तीच आली, असंच समजले ते. सहा वर्षांच्या मुलीला मोठ्यांनी जे सांगितलं ते तिनं ८१ वर्षं जपलं. ते वाक्य त्या आठवड्यांतल्या मुंबईचा पुरावा आहे. जसंच्या तसं राहील. घडलेलं वेगळ्या रकान्यात, तारखेसह.

८ जून

पाऊस. दोन फेऱ्या फुकट. कसबा बावड्यातले आजोबा दवाखान्यात, राजारामपुरीतल्या बाईंच्या घरून नकार आला. नकार आला की पुन्हा विचारायचं नाही, हा नियम लिहून ठेवला.

१५ जून, रविवार. ध्वनिफीत क्र. ३, ५८ मिनिटे. वळिवडे

कोल्हापूरजवळच्या या गावात युद्धकाळात पोलिश निर्वासितांची छावणी होती. तिची गोष्ट कोल्हापूरकरांना ऐकून माहीत असते. महावीर उद्यानातला त्यांचा स्मृतिस्तंभ येता-जाता दिसतो. पण मुलं इथवर कशी आली हे आमच्या विद्यार्थिनीलाही नीट ठाऊक नव्हतं, म्हणून इथे लिहिते. सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनी आणि पूर्वेकडून सोव्हिएत रशिया चालून आले. फेब्रुवारी १९४० पासून पूर्व पोलंडमधली कुटुंबंच्या कुटुंबं मालगाड्यांत भरून सायबेरिया आणि कझाकस्तानात नेली. जर्मनी रशियावर उलटल्यावर जुलै १९४१ मध्ये पोलंड आणि रशियात करार झाला, ही माणसं सुटली, आणि १९४२ मध्ये कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात उतरली. त्यातली सुमारे पाच हजार, बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ पासून वळिवड्याच्या छावणीत आली. दगडी जोत्याच्या, बांबूच्या तट्ट्यांच्या भिंतींच्या बराकी, वर कौलं. शाळा, चर्च, दवाखाना, नाटकाचं थिएटर. १९४८ पर्यंत ती इथे होती.

आण्णा (वय ८९) तेव्हा आठ-नऊ वर्षांचे. वडिलांबरोबर छावणीत दूध घालायला जायचे. आम्ही चर्चबद्दल, शाळेबद्दल विचारत होतो. त्यांना सांगायचं होतं ते वेगळंच.

"एक म्हातारी बाई हुती. म्हातारी म्हंजे, आता वाटतंय चाळिशीची आसंल, पण दिसायची म्हातारी. तिच्याकडं दोन पोरं. सकाळी पाव कापायची सुरीनं. कापून झाला की फळीवर चुरा पडतोय न्हवं? त्यो बोट वलं करून टिपायची. एकेक कण. एक बोट पोराच्या तोंडात, दुसरं पोरीच्या. सोताच्या न्हाई. म्या बघत हुभा ऱ्हायचो, बा वरडायचा, चल की रं. आमची आई भाकरीचा चुरा मुंग्यांस्नी टाकायची. म्या घरी जाऊन सांगितलं. तवापास्नं आईबी टाकताना जरा थांबायची."

हे सांगताना त्यांनी टीपॉयवर तर्जनी टेकवली आणि उचलली. बोटाकडे पाहिलं. त्या बोटानं आमचं तासाभराचं काम केलं. आवाजाच्या फितीत ते येणार नाही म्हणून इथे लिहून ठेवते.

त्यातली पोरगी मराठी शिकली, असं ते म्हणाले. "'उद्या' म्हणायला शिकली. दूध सरलं की म्या म्हणायचो, उद्या. मग मी आलो की तीच म्हणायची, उद्या."

२२ जून, रविवार

आजींच्या घरचा पेच. मुलाचं म्हणणं, आई कोल्हापुरात आली १९४२ मध्ये, चले जावच्या आधी. मामांनी त्याला तसं सांगितलं होतं. आजींना विचारलं तर त्या म्हणतात, "हो, चले जावच्या साली." मग पेटलेला कापूस?

दोन्ही खरं असावं. ६ एप्रिल १९४२ रोजी जपानी विमानांनी विशाखापट्टण आणि काकीनाड्यावर बॉम्ब टाकले. त्या काळात मुंबईतूनही भीतीनं माणसं गावी निघाली. आजींचं कुटुंब तेव्हा एकदा आलं, काही महिन्यांनी परत गेलं, आणि १९४४ मध्ये पुन्हा आलं. पहिल्या वेळी आजी चार वर्षांच्या. दोन्ही प्रवास एकच गाडी, तीच ट्रंक, तोच मामा. एकावर एक ठेवले की खालचा दिसत नाही.

पण रोज मोजण्याची गोष्ट कोणत्या वेळची? १९४२ च्या वेळी वडील बरोबर होते, की १९४४ सारखेच मागे राहिले होते? संध्याकाळी फीत पुन्हा ऐकली. एकेचाळिसाव्या मिनिटाला आजी म्हणतात, कोल्हापूर जवळ आलं तशी ताईनं उठवलं, खिडकीतून दाखवलं: रुळांजवळ गोरी मुलं उभी होती, हात हलवत होती. आम्ही पहिल्यांदा हे वाक्य ऐकून पुढे गेलो होतो.

मिरजेकडून येणारी गाडी वळिवड्यावरूनच जाते. १९४२ मध्ये तिथे गोरी मुलं नव्हती. १९४३ नंतर होती. म्हणजे ताईनं उठवलं तो प्रवास दुसरा. त्या प्रवासात वडील नव्हते हे आजींनी आधीच सांगितलंय. पहिल्या सकाळचा भोंगा १९४४ चाच.

मी हे कागदावर मांडलं आणि बराच वेळ नुसती बसून राहिले. रुळाच्या एका बाजूला सायबेरियातून आलेली मुलं. गाडीत गोदीच्या धुरातून निघालेल्या दोन मुली, ट्रंकेवर कुरडयांचा डबा. एकमेकांना हात करताना कुणालाच समोरच्याचं काही माहीत नव्हतं.

६ जुलै, आषाढी एकादशी

आज मुलाखत नाही. शब्दांकन चालू. आण्णांची बोली प्रमाण मराठीत करायची नाही, हे पुन्हा एकदा सांगावं लागलं.

१३ जुलै, रविवार. ध्वनिफीत क्र. ५, १९ मिनिटे. अपुरी

आज चूक झाली आणि ती माझी आहे.

गडहिंग्लज भागातल्या ताई (वय ६२), वडील सैन्यात. ३ डिसेंबर १९७१ रोजी त्या आठ वर्षांच्या होत्या, आई-वडिलांबरोबर पठाणकोटला क्वार्टरमध्ये. त्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी पठाणकोटसह पश्चिमेच्या विमानतळांवर हल्ला केला. ताई छान बोलत होत्या. अंगणातला खंदक नागमोडी का खणतात ते त्यांनी सांगितलं: सरळ खणला तर एका टोकाला बॉम्ब पडल्यावर धक्का थेट दुसऱ्या टोकापर्यंत जातो, वळणावर तो अडतो. त्यांना शाळेत शिकवलेलं: पालथं पडायचं, कोपरांवर भार ठेवायचा, पोट जमिनीला लावायचं नाही, कानांत कापूस, दातांत रुमाल. आईनं नवा रुमाल दिला नाही म्हणून त्या रुसल्या होत्या, इथवर आलं होतं.

तेवढ्यात भाच्यानं, मदत व्हावी म्हणून, मोबाइलवर इशाऱ्याचा भोंगा लावला. "असाच होता का?" त्यानं मला आधी विचारलं होतं आणि मी मान हलवली होती. ताई उठल्या, काही न बोलता स्वयंपाकघरात गेल्या. पाच मिनिटांनी बाहेर आल्या, चेहरा धुतलेला. म्हणाल्या, आज नको. चहा मात्र दिला. कप माझ्या हातात देताना बशी वाजत होती.

माणूस आपल्या पायांनी जितकं आत जाईल तितकंच जायचं. आपण ढकलायचं नाही. इतकी साधी गोष्ट मला साठीत शिकावी लागली. आजपासून मुलाखतीत कोणताही आवाज, फोटो, चित्रफीत दाखवायची नाही. ताईंना पत्र लिहिलं.

२७ जुलै, रविवार. ध्वनिफीत क्र. ६, ३१ मिनिटे. गांधीनगर

पोलिश लोक गेले त्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं राहिली. तेच आजचं गांधीनगर, जिथे आपण कापड घ्यायला जातो. काका (वय ८२) पाच वर्षांचे असताना आले. हवाई हल्ला त्यांनी पाहिलेला नाही, पण घर सोडणं पाहिलंय, म्हणून घेतलं. आठवतं ते फार थोडं. एक वाक्य: "बराकीच्या खांबांना खिळे आधीच होते. आई म्हणायची, कुणीतरी आपल्यासाठी ठोकून गेलंय." आईनं पहिल्या दिवशी त्या खिळ्यांवर कपडे टांगले आणि मगच रडायला बसली.

१० ऑगस्ट

पठाणकोटच्या ताईंचा फोन. गणपतीनंतर या म्हणाल्या. त्या भाच्याबद्दल विचारत होत्या, "पोराला फार बोलला नाहीत ना?"

१४ सप्टेंबर, रविवार. ध्वनिफीत क्र. ५, भाग दुसरा, ४७ मिनिटे

ताई बोलल्या. रुमालाचं पूर्ण सांगितलं. काही भाग फितीवर न ठेवण्याची त्यांची विनंती आहे, तो त्यांच्यासमोरच पुसला. संमतिपत्रात तशी ओळ वाढवली.

५ ऑक्टोबर, रविवार. ध्वनिफीत क्र. १, जोड, १२ मिनिटे

आजींना त्यांचं शब्दांकन वाचून दाखवायला गेलो. मोठ्या अक्षरांत छापून नेलं होतं, पण त्यांनी वाचायला सांगितलं. मी उजवीकडे बसून वाचलं. कुरडयांपाशी हसल्या. जपानच्या वाक्यापाशी मान डोलावली. संपल्यावर म्हणाल्या, "आणि बाबा आले ते?"

ते आम्ही विचारलंच नव्हतं. मे महिन्यात त्यांनी रोज मोजायचं सांगितलं, आम्ही रोजच्या मोजण्यावर खूश झालो, आणि मोजणी पुरी झाली का हे विचारायचं राहून गेलं. रेकॉर्डर लगेच लावला.

बाबा जूनच्या तोंडाशी आले. गोदीतला मलबा उपसायचं काम संपेना, रजा मिळेना. आले ते टांग्यातून, दुपारी. भुवया गेलेल्या, डोक्याला पंचा. पोर ओळखेना, मामीच्या मागे लपली. बाबांनी खिशातून भोकाचे तीन पैसे काढले, तिघा मुलांना एकेक. करदोट्यात ओवायला.

आजी उठल्या, देव्हाऱ्याखालचा खण उघडला. काळ्या गोफात ओवलेला पैसा आहे अजून. तांब्याच्या रंगाचा, मधलं भोक मोठं, कडा बोटानं झिजून गुळगुळीत. भाच्यानं भिंग लावून साल वाचलं: १९४४.

"दुसऱ्या दिवशी भोंगा झाला," आजी म्हणाल्या, "मी उठले आणि मोजलं. पाच झाले. मग झोपले परत. ताई सांगायची, त्या दिवशी मी नऊपर्यंत उठले नाही."

शिल्लक काम: ध्वनिफीत क्र. १ च्या शब्दांकनाला ही १२ मिनिटं जोडणे. पैशाचा दोन्ही बाजूंनी फोटो. बावड्याचे आजोबा घरी आलेत, त्यांना विचारणे.